पळस्प्याजवळचा खोटा चढ

रस्ता बनवायचा तर तो आधी मोजला पाहिजे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाबांनी आमच्या पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या घरी कॉम्प्युटर आणला, तो मी टायपिंग शिकावं म्हणून. मी त्याच्यावर सायकल शर्यतीचा गेम खेळत बसले. त्यात आपल्या मनासारखा रस्ता बनवता यायचा. प्रत्येक किलोमीटरला किती चढ, किती उतार ते आकडे भरायचे, मग आपला सायकलस्वार कुठे किती जोर लावणार ते ठरवायचं, आणि कॉम्प्युटर शर्यत पळवून निकाल दाखवायचा. गेमबरोबर आलेले परदेशातले घाट मला आठवड्यात कंटाळवाणे वाटायला लागले. मी आमचेच रस्ते बनवायला घेतले.

गवंड्याकडून पाणसळ मागून आणली. तीन फुटी फळी रस्त्याच्या कडेला टेकवायची, तिच्यावर पाणसळ ठेवायची, पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत फळीचं खालचं टोक उचलायचं आणि खालची फट फुटपट्टीने मोजायची. ट्रकवाले हॉर्न मारायचे, एकाने तर विचारलं, बाई, काय हरवलंय? मी मान वर केली नाही. पनवेल ते रोडपाली, पनवेल ते कर्नाळा, सगळे रस्ते माझ्या वहीत उतरले. एवढं अचूक काम अख्ख्या तालुक्यात कुणी केलं नसेल असं मला वाटायचं, आणि आजही वाटतं.

माझ्या वर्गात उरणकडच्या खाडीकाठची एक कोळ्यांची मुलगी होती. तिचे वडील मासेमारी करायचे, आणि ती रोज सायकल मारत कॉलेजला यायची. गंजकी, बिनगिअरची सायकल, पण तिच्यापुढे मी कुणाला जाताना पाहिलं नाही. त्या वर्षी मुलींची जिल्हा निवड शर्यत पनवेलमध्ये ठरली. कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिल्या तिघी पुण्याच्या शिबिराला जाणार होत्या. तिच्या वडिलांनी एकदाच काय ते सांगून टाकलं होतं: तिघींत आलीस तर जा, नाहीतर सायकल भावाला द्यायची आणि आत्याबरोबर बाजारात मासे विकायला बसायचं.

मी म्हटलं, तू काळजीच करू नकोस, रस्ता माझ्याकडे आहे.

मी ती शर्यत कॉम्प्युटरवर चाळीसेक वेळा तरी पळवली. उत्तर दर वेळी एकच यायचं. वाटेतल्या पळस्प्यापर्यंत बेताने जायचं, खिंडीच्या चढाला सगळा जोर काढून एकटीने पुढे निसटायचं, आणि परतीला उतार नि सपाट रस्त्यावर तेवढा फरक राखायचा. पहिला नंबर. किलोमीटरवार कागद करून मी तिला घरी बोलावलं. तिने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"वारा कुठं हाय गो यात?"

"वारा नसतो यात. आणि असला तरी सगळ्यांना सारखाच ना?"

"सारका नाय. एकट्याला जास्ती लागतो."

"सकाळी साडेसातला कुठला आलाय वारा!" मी म्हणाले. हे तिलाही पटलं. तिने कागद घडी करून ओढणीच्या गाठीत बांधला.

शर्यतीच्या दिवशी सातला सगळ्या मुली रांगेत हजर होत्या. मांडव, माइक, नारळ, हार, सगळं तयार होतं. फक्त प्रमुख पाहुणे नव्हते. आठ वाजले, नऊ वाजले, पाहुणे निघालेत असं माइकवरून पुन्हा पुन्हा सांगणं चाललं. ते आले तेव्हा दहा वाजून गेले होते, आणि नारळ फोडल्यावर खेळाचं महत्त्व सांगायला त्यांनी अर्धा तास घेतला. चाळीस वेळा शर्यत पळवली मी, पण पाहुणे एकदाही धरले नव्हते. आपल्याकडे जन्मून ही चूक करणारी मीच.

भाषण चालू असताना ती रांगेतून माझ्याकडे आली. मांडवाच्या पताका आता ताठ होऊन फडफडत होत्या.

"खाडीवरनं वारा सुटला. येताना समोरनं येनार," ती म्हणाली आणि गाठ सोडून कागद माझ्या हातात दिला. "याचं आता काय काम नाय."

मला राग आला. एवढी मेहनत केली, आणि ही पताका बघून ठरवणार! मी तिला चक्क मूर्ख म्हटलं. ती रांगेत परत गेली.

मी चुलत भावाच्या स्कूटरवर मागे बसून खिंडीपर्यंत गेले. चढाला दोघी जणी पुढे निसटल्या, अगदी माझ्या कागदाबरहुकूम, आणि ही आपली सात-आठ जणींच्या घोळक्यात मागे बसून राहिली. मी ओरडले, "अगं, जोर काढ!" तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. परतीला पळस्प्याच्या अलीकडे त्या दोघी जागच्या जागी पायडल मारत असल्यासारख्या दिसायला लागल्या. घोळक्याने त्यांना गाठलं आणि मागे टाकलं. शेवटच्या किलोमीटरला ही घोळक्यातून बाहेर पडली आणि अर्ध्या चाकाने तिसरी आली. तिचे वडील बंदरावरून थेट आले होते. ते मांडवापासून लांब उभे होते, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी आनंदाने रडले, पण राग काही गेला नव्हता. माझं गणित खोटं कसं? घरी येऊन मी परतीच्या सपाट रस्त्यावर, पळस्प्याच्या अलीकडे, पाच किलोमीटरचा चढ घातला. तिथे चढ नाही हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण गेममध्ये वारा घालायचा दुसरा मार्ग नव्हता. मग तिने परत दिलेला कागद उघडून माझे सगळे आकडे जसेच्या तसे भरले आणि शर्यत सोडली. ती सहावी आली. मी पुन्हा सोडली. सहावीच.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी ती भेटायला आली तेव्हा मी तिला खुर्चीवर बसवलं आणि ती शर्यत तिच्यासमोर पळवली. तोंडाने माफी मागणं मला तेव्हा जमत नव्हतं. निकाल आला, सहाव्या नंबरावर तिचं नाव आलं, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हंजे तुजं ऐकलं असतं तर आज बाजारात, आत्यापाशी," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.