काळा चौकोन

नाना पहिल्यांदा माझ्या दारात आले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. नव्या भाडेकरूला जे चार प्रश्न विचारायची आपल्याकडे रीत आहे, त्यातला एकही विचारला नाही. चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाले, "ताई, तुमच्या ड्युटीचा तक्ता असेल तर द्या. सकाळी परत करतो."

मी नुकतीच जळगावहून बदली होऊन धुळ्याला आले होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, म्हणजे आज सकाळपाळी, उद्या दुपारपाळी, मग रात्र, मग सुट्टी, असं गरगर फिरणारं आयुष्य. तो तक्ता मला स्वतःलाच धड कळत नसे. आणि शेजारचा हा पन्नाशीचा किडकिडीत गृहस्थ, शर्टाच्या खिशाला शिसपेन्सिली लावून, तोच मागत होता. मी एकटी राहणारी बाई, कपाळाला आठ्या पडल्याच. मागून घरमालकीणबाई म्हणाल्या, "द्या हो, नाना आहेत ते. सगळ्यांचेच नेतात." मग काय, दिला.

नाना सरकारी कचेरीत अनुरेखक होते. इंजिनियर मंडळी कालव्यांचे नकाशे काढत आणि नाना त्यावर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवून रेघ न् रेघ उतरवून घेत. वाया गेलेले तुकडे साहेबांना विचारून घरी आणत. घरी त्यांचा वेगळाच कारखाना चाले. दर महिन्याला माणशी एक कागद. धाकटा भाऊ रामदास पारोळ्याकडे शेती करायचा, त्याचं सगळं तिथीवर आणि बाजाराच्या वारावर चाले. मधला भास्कर एस.टी.चा ड्रायव्हर, त्याच्या फेऱ्यांचं वेगळंच चक्र. नानांची स्वतःची कचेरी इंग्रजी महिन्याने चालायची. आता त्यात माझा एक्स्चेंजचा तक्ता आला. हे सगळे वेगवेगळे हिशेब नाना एकाच मापाच्या चौकोनांत बसवत. ज्या वेळी माणूस कामात, तेवढी जागा पेन्सिलीने करडी करत. मग सगळे कागद एकावर एक ठेवून पूर्वेच्या खिडकीच्या काचेला लावत आणि हात पाठीमागे बांधून बघत राहत. सगळ्यांचा महिना एकदम दिसे. जिथून स्वच्छ उजेड येई तिथे सगळे मोकळे. जिथे करड्यावर करडं साचून काळं पडे, तिथे कोणीच मोकळं नाही.

"दिन बठ्ठासना एकच शे, कागद न्यारान्यारा शेतस," असं ते म्हणत. दिवस सगळ्यांचा एकच, कागद तेवढे वेगळे.

आळीला याचा फार उपयोग होई. कुणाचा साखरपुडा ठरवायचा, चार गावच्या पाहुण्यांना जमेल असा दिवस पाहिजे, की लोक नानांकडे. नाना काचेपाशी उभे राहून बोट ठेवत आणि त्या दिवशी खरंच सगळे हजर होत. मी चेष्टेने म्हणायची, नाना, तुम्ही ज्योतिषी व्हायचं ते ट्रेसर झालात. ते हसत नसत. मोकळ्या दिवसांत त्यांना रसच नव्हता. लोक गेले की ते पुन्हा काचेपाशी जात आणि काळे चौकोन शोधत बसत. हे मला उशिरा लक्षात आलं.

एकदा ते म्हणाले, "गुरुवारी दुपारी तुमच्या कागदातून उजेड येतो, ताई. आमच्या मायजवळ बसाल का थोडा वेळ? ती फारसं बोलत नाही. आत गेल्यावर 'माय, मी आहे' एवढं म्हणा. आणि उठताना कोण येणार ते सांगून उठा."

म्हाताऱ्या माणसाजवळ बसायला कोण नाही म्हणेल? मी मासिक घेऊन गेले. आतली खोली थंडगार, शेणाने सारवलेली. नवारीची खाट, त्यावर धुतलेली चादर, उशाशी पानाचा डबा. दाराशी पाण्याचा तांब्या, त्यावर पालथं फुलपात्र. शेजारी एक लाकडी खुर्ची. खाटेवर कोणी नव्हतं. म्हातारी परसात गेली असेल म्हणून मी बसले. बराच वेळ बसले. हाक मारली. परसात जाऊन आले, तिथेही कोणी नव्हतं. आता मात्र घाबरले, कारण दुसऱ्याचं म्हातारं माणूस माझ्या पाळीत हरवलं होतं.

तेवढ्यात भास्कर आला. खाकी कपड्यात, अंगाला डिझेलचा वास. त्याने दारातच हळू आवाजात म्हटलं, "माय, मी शे." आणि माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आता तुम्ही निघा. मी विचारलं, माय कुठे आहेत? तो खाटेकडे बघून म्हणाला, "माय जाईन तीन वरीस व्हयनात, ताई. नानानी तुमले सांगं नही का?"

तीन वर्षांपूर्वी मेलेल्या बाईजवळ मी पाऊण दुपार बसले होते. मी भुताखेतांना भिणारी नाही, पण रागाला कमी नाही. तशीच उठले आणि नाना कचेरीतून येईपर्यंत त्यांच्या ओट्यावर बसून राहिले. भास्करने मधल्या वेळात सगळं सांगितलं. तिघे भाऊ, नाना बिनलग्नाचे, माय त्यांच्याजवळ. एका उन्हाळ्यात नाना मोजणीच्या कॅम्पवर गेले, त्यांना वाटलं भास्कर आहे. भास्करला सुरतेची जादा फेरी लागली, त्याची बायको बाळंतपणाला माहेरी, त्याला वाटलं रामदास आलेला आहे. रामदास पारोळ्याला कापूस विकत होता, त्याला वाटलं नाना घरीच असतील. प्रत्येकाने आपापला दिवस बरोबर पाहिला होता. तिघांचे दिवस एकत्र कोणी पाहिले नव्हते. माय पडली तेव्हा घरात कोणीच नव्हतं, आणि नंतरही बराच काळ कोणी आलं नाही.

नाना आले. मी त्यांना नको नको ते बोलले. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "माय गेली हे मला कळतं, ताई. मी खुळा नाही. पण आम्ही दार उघडलं तेव्हा तांब्या भरून दाराशी ठेवलेला होता. कोणी आलं की त्याला आधी पाणी, ही तिची सवय. म्हणजे ती वाट बघत होती. ती गेली, पण तिचं वाट बघणं संपलं असं मला अजून कोणी सांगितलं नाही."

मी घरी आले. अंगावर काटा होता आणि रागही तसाच होता. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जाऊन बसले. का, ते विचारू नका. मी स्वतःला सांगायची की ती खोली थंड आहे, तिथे मासिक वाचून होतं. पण खुर्ची मी खाटेकडे पाठ येईल अशी कधी वळवली नाही. एकदा गोष्ट वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मी मोठ्याने वाचते आहे, आणि कितीतरी वेळ वाचते आहे. मी थांबले. मग वाटलं, अर्ध्यावर थांबणं बरं नाही, म्हणून शेवटपर्यंत वाचली. 'माय, मी आहे' हे मात्र मी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. उठताना 'आता भास्कर येतील' तेही तसंच.

भावांना हे पटत होतं असं नाही. रामदास एकदा सरळ बोलला, "नाना, माय गयी. आते खाटनी राखण कितला दिन करानी?" त्यानंतर तीन-चार दिवस नानांनी अन्नाला हात लावला नाही. मग रामदास गुपचूप आपल्या पाळीला येऊन बसला. भास्कर मला म्हणाला होता की आम्ही येतो ते नानाकरता, कोणी बसलेलं असलं की तो निदान झोपतो. त्या माणसाला जगात एकच गोष्ट हवी होती. मायच्या खोलीत कोणी नाही, असा दिवस पुन्हा येऊ नये. बाकी त्याने कुणाकडे कधी काही मागितलं नाही.

मी धुळ्यात रुळले त्याच्या पुढच्या वैशाखात मात्र तो दिवस आला. लग्नसराई ऐन भरात होती. भास्करला सलग फेऱ्या, रामदासच्या मेव्हणीचं लग्न, माझी सकाळपाळी आणि नानांना कचेरीने साक्रीकडे कॅम्पवर धाडलेलं. मी गेले तेव्हा नाना काचेपाशी उभे होते. कागदांवर एक चौकोन इतका काळा झाला होता की मागचा सूर्य दिसत नव्हता. नानांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. माय गेली तीच तिथी होती ती, असं ते म्हणाले.

मी कुरकुर करत एका मैत्रिणीशी पाळी बदलून घेतली. सकाळची मोकळी झाले, त्याबदल्यात रात्रीची पाळी गळ्यात आली. नानांनी माझ्या कागदावरची तेवढी पेन्सिल खोडरबराने पुसली. बारीकसा उजेड आला. मी विचारलं, "आणि माझ्यानंतर कोण?" ते कागद गोळा करत म्हणाले, "बघतो. कोणीतरी मिळेल." दुसऱ्या दिवशी पहाटे जीप आली आणि ते गेले. कोणी मिळाल्याचा निरोप काही आला नाही.

ठरल्या दिवशी मी जाऊन बसले. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दुपार कलायला लागली तशी मी मासिक मिटलं, उठायला म्हणून खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकले आणि तशीच राहिले. कोण येणार ते सांगून उठायचं होतं, आणि सांगायला नाव नव्हतं. खोटंच कुणाचं तरी घ्यावं, रिकाम्या खाटेला काय कळणार, असं मी मनाशी म्हटलं. तोंड उघडलं, पण नाव बाहेर पडेना. पुन्हा बसले. थोड्या वेळाने पुन्हा तसंच केलं. घशाला कोरड पडली होती आणि समोर दाराशी भरलेला तांब्या होता. त्यातलं पाणी प्यायचा मला धीर झाला नाही, आणि ते येणाऱ्यासाठी होतं, मी तर केव्हाची आलेली होते. मध्येच खाट करकरली, कोणी झोपेतून उठून बसावं तशी. उन्हाने लाकूड आवाज करतं, हे मला ठाऊक आहे. तरी मी म्हटलं, "मी आहे." या वेळी मोठ्याने म्हटलं.

दिवस मावळताना भास्कर आला. 'माय, मी शे' म्हणाला नाही. दारात उभा राहून टोपी हातात चुरगाळत होता. साक्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरने डेपोत निरोप आणला होता. कॅम्पवर माणसांच्या दोन तुकड्या होत्या. दुपारी जेवायला परतताना एका तुकडीला वाटलं, नाना दुसरीबरोबर पुढे गेले. दुसरीला वाटलं, ते मागून येताहेत. नाना माळावर एका बाभळीखाली सापडले. ऊन लागून गेले होते. जवळ कोणी नव्हतं. खाट किती वाजता करकरली आणि तिकडे किती वाजले होते, हे मी कधी ताडून पाहिलं नाही, आजही पाहणार नाही.

एवढे सगळे कागद त्यांनी एकावर एक ठेवले. ज्याच्याजवळ कोणी असायला हवं होतं त्याचा एक कागद मात्र राहिला. त्यांच्या कामाचा कागद होता, त्यांच्याजवळ कोण याचा नव्हता. आमच्यापैकी कुणालाही तो सुचला नाही. मला याचं फार वाईट वाटतं, अजून वाटतं.

भास्करला साक्रीला जायचं होतं. तो म्हणाला, "उठा आते, ताई." मी उठत नव्हते, त्याने पुन्हा सांगितलं. मग मी खाटेकडे वळले. त्या घरात इतके दिवस येऊन मी त्यांची बोली कधी बोलले नव्हते, पण आता कोण येतंय ते तिला कळायला हवं होतं.

"माय," मी म्हटलं, "आते नाना यी राहिना."

मग उठले. भास्करने दारातून बाजूला होऊन मला वाट दिली.