शेवटच्या खांबाचा पाय

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, भाऊंना तर नाहीच. लिहायची सवय नाही मला, चौथीत शाळा सुटली — तेव्हा वाकडंतिकडं होईल. होऊ दे.

आमचं घर पोथीवाल्यांचं. काशीत येऊन पाच पिढ्या झाल्या, सगळे शास्त्री नाहीतर मास्तर. लोखंडवाला मी एकटा. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवात लहरताऱ्याला माझी पावडर कोटिंगची शेड होती. यात रंग ओला नसतो, भुकटी असते. लोखंड आधी तेजाबाच्या टाकीत बुडवून गंज काढायचा, मग बंदुकीनं भुकटी उडवायची, विजेच्या ओढीनं ती चिकटते, आणि भट्टीत वितळून तिची कातडी होते. वर्षानुवर्षं टिकते. खाली काय आहे ते मात्र मग कुणाला दिसत नाही.

थोरले भाऊ संस्कृतचे मास्तर. शेडवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. एकदाच आले. गल्लीतल्या मराठी मंडळींनी घाटाच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्यांना धरायला लोखंडी कठडा करायचं ठरवलं होतं. जोडकाम लल्लन मिस्त्रीचं, रंग माझा. भाऊंनी चार लोकांत विचारलं, एवढा लांब कठडा तुझ्या भट्टीत मावेल ना रे? मी म्हणालो, "हत्ती मावेल, भाऊ."

मावला नाही. टाकीत घालायच्या आधी भट्टीत लावून बघितला, तर शेवटच्या खांबाचा पाय चार बोटं दाराबाहेर. लल्लनला बोलवायचं, दोन तुकडे करून घ्यायचे — एवढंच होतं की. पण मग भाऊंना कळलं असतं ना, धाकट्याची भट्टी तोकडी म्हणून? मी घण घेतला. तीन घाव. पाय आत वळला, दार लागलं.

पायाच्या जोडाला तडा गेला होता. डोळ्यांना दिसला नाही, भट्टीनं दाखवला. तड्यात टाकीचं पाणी शिरलं की तापल्यावर ते बाहेर यायला बघतं, रंगाला फोड येतात. दार उघडलं तर त्याच जोडाला बारीक फोडांची माळ. वीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस मी — मला कळलं नाही म्हणू? कळलं. रेगमालानं फोड घासले, दुसरा हात मारला, पुन्हा भाजलं. निळा रंग आरशासारखा आला.

गोदूआत्या काशीवासाला आलेल्या, एकट्या, सगळ्या गल्लीच्या आत्या. पहिल्या दिवशी कठड्याला हळदकुंकू लावून मला म्हणाल्या, आता स्नानाला उतरताना कुणाचा हात मागायला नको बघ.

कार्तिकातल्या एका सकाळी तोच खांब पायातून निखळला. आत्या सात पायऱ्या खाली. मांडीचं हाड मोडलं. अकरा महिने खाटेवर होत्या. घाटाची घंटा खोलीत ऐकू यायची, गंगा दिसायची नाही. पुन्हा गंगेवर नेलं ते मणिकर्णिकेला.

त्या सकाळी घाटावर सगळे म्हणाले, जोड कच्चा, लल्लननं घात केला. कुणीतरी म्हणालं, रंग बघा, ओरखडासुद्धा नाही. आणि मी तुटलेलं तोंड बघत होतो. आत निळं होतं. रंग तड्याच्या आत उतरलेला — म्हणजे तडा रंगाच्या आधीचा; आणि थर दोन, म्हणजे रंगवणाऱ्यानं फोड बघून दुसरा हात मारलेला. हे वाचता येणारा तिथं एकटा मीच होतो. दुरुस्त करून आणतो म्हणून खांब उचलला आणि रंग उतरवायच्या टाकीत घातला. दुपारपर्यंत निळ्याचा ठिपका उरला नाही.

दुसऱ्या दिवशी लल्लन आला. शेडच्या उंबऱ्यावर बसला. चहा दिला तो तसाच निवला.

"भइया, तुम्हारे हाथ से तो गुजरा था. तुमको कुछ दिखा था?"

"नहीं, लल्लन. कुछ नहीं."

त्यानं स्वतःचे तळवे उलटसुलट करून बघितले. मग म्हणाला, "तो फिर मेरा ही हाथ कच्चा पड़ गया होगा."

त्यानं जोडकाम सोडलं. मी माझं रंगकाम चालू ठेवलं. रोज सकाळी तो घाटांवरून फिरायचा, हातात पाना. प्रत्येक कठड्याचा, प्रत्येक साखळीचा जोड ठोकायचा, कान लावायचा. टक. टक. पुढच्या जोडाला. लोक हसायचे, सनकी झाला म्हणायचे. मी वरच्या पायरीवरून बघायचो. आता तो नाही, तरी आवाज येतो. कुठून येतो? मी विचारत नाही.

तो जायच्या आधी भेटायला गेलो होतो. त्याच्या जावयाला फाटक रंगवायचं होतं. लल्लननं माझ्याकडे बोट केलं.

"भइया से कराना. इनकी नजर से कुछ नहीं छूटता."

जावयानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.