टाकव्याचा डावा कोपरा

टाकवे बुद्रुकचे सीताराम आबा गावात दोन गोष्टींसाठी ओळखले जातात, एक त्यांचा आवाज आणि दुसरी त्या आवाजाची घमेंड. यात्रेतल्या कबड्डीला माईक त्यांच्याच हातात असतो. पोरगी चढाईला निघाली की आबांचा आवाज तिच्यापुढे दोन पावलं धावतो. असा माणूस यंदा मुका व्हायची पाळी आली होती, आणि त्याला कारण होती नवी कोच.

कोच म्हणजे बबिता, तिकोणा पेठेच्या वरल्या वाडीची. गावच्या मुलींचा संघ हाती घेताच तिने अपेक्षाला, म्हणजे संघाच्या हुकमी चढाईपटूला, लगाम घातला. कबड्डीचा नियम असा, की लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. बबिताचं म्हणणं, आपण दोनदा सांभाळून परत यायचं, समोरच्यांनाही काही मिळू द्यायचं नाही, आणि तिसऱ्यांदा त्या जिवावर उदार होऊन आल्या की धरायच्या.

यावरून कैलासच्या चहाच्या हॉटेलात रोज संध्याकाळी खडाजंगी. "चढाईचं पार वाटोळं केलं तिनं," गावच्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष असलेला कैलास म्हणे. "अपेक्षा वाघीण होती, तिची शेळी केली."

"दोन म्याची हरलो खरं, पर गुण किती कमी दिले ते बघ की," हॉटेलातला रोजचा गिऱ्हाईक रखमाजी म्हणे.

"गुण न्हाई दिले म्हणून कप देत्यात व्हय?"

कैलासची पोरगी प्रेरणा याच संघात डाव्या कोपऱ्यात, पकडीला खेळते. पण कोपऱ्यातल्या पोरीचा विषय तिच्या बापाच्या हॉटेलातही निघत नसे.  तरुणपणी आबाही डाव्या कोपऱ्यातच खेळले होते. चढाईवाल्यांना लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं, आबांचं नाव मात्र माईकवर एकदाही आलं नाही. म्हणून तर यांनी स्वतःच माईक धरला, असं त्यांची बायको आक्काबाई म्हणते, आणि तिचं खरं असावं.

यात्रेच्या दिवशी कैलासने आबांना बाजूला घेतलं. "आज हरलो तर मायकावरनंच सांगून टाका, कोच बदलला म्हणून." आबांना ते रुचलं नाही. पण माईक मंडळाचा होता, त्यांनी मान हलवली.

सामना सुरू झाला. अपेक्षा गेली, परत आली. समोरची आली, तशीच गेली. आबांना बोलायला काही उरेना. मग त्यांनी देणगीदारांचे आभार मानले, मैदानावर पाणी मारणाऱ्या टँकरवाल्याचे मानले. तेवढ्यात समोरच्यांची तिसरी चढाई आली, आणि प्रेरणाने खाली बसत झेपावून घोटा धरला. आधी डावा हात घोट्याला, मग उजवा टाचेला, मान आत. आबा बघतच राहिले. ही पकड त्यांच्या ओळखीची होती.

"पकड केली प्रेरणाने. डावा कोपरा. नाव ध्यानात ठेवा, मंडळी."

पुढच्या रिकाम्या चढायांत वेळच वेळ होता, तो सगळा आबांनी त्या पकडीच्या कौतुकात घालवला. थोड्या वेळाने तिने आणखी एकीला धरलं, पुन्हा नाव गेलं. लोक वळून कैलासकडे बघायला लागले. कैलास मात्र मैदानाच्या त्या कोपऱ्याकडे बघत होता, बहुधा पहिल्यांदाच.

सामना एका गुणाने हातचा गेला. कैलास माईकपाशी आला आणि हळूच म्हणाला, "आबा, ते सांगू नका. कोच हीच ऱ्हाऊ द्या."

मागोमाग बबिता येऊन पाया पडली. "आबा, कोपऱ्यातल्या पोरीचं नाव घेतलंत, लय उपकार झाले."

"उपकाराचं ऱ्हाऊ दे. ही पकड कुटं शिकलीस?"

"आज्याकडनं. शिदू म्हणून, वाडीच्या संघातनं चढाई करायचा. ह्याच यात्रेत तुमी धरलं हुतं त्याला. घरी येऊन त्यानं आंगणात समद्यांला दाखवली. म्हणायचा, टाकव्याच्या सीतारामानं धरलं की सुटका न्हाई. मी पोरींला तीच शिकवते."

"आजा हाय का?" आबांनी विचारलं.

"हाय की. तितं पाण्याच्या टाकीपाशी बसलाय, तुमचा आवाज ऐकायला आलाय."

आबांनी बंद केलेला माईक पुन्हा चालू केला. "मंडळी, एक आभार राहिले. तिकोणा पेठेच्या वाडीचे जुने चढाईपटू शिदूभाऊ आले आहेत. माझं नाव कुणी घेतलं नाही असं मी समजत होतो. ते यांनी घरात जपून ठेवलं." पुढचं वाक्य त्या आवाजाला जमेना.

टाकीपाशी शिदू काठी टेकत उठला आणि हात वर करून म्हणाला, "व्हय, ह्यानंच धरलं हुतं मला."