पन्नास सेकंद थांबणारी माणसं

निहार चिटणीस आमच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि जयपूरच्या झालाना भागातल्या एका लहानशा कंपनीत नोकरी करतो. तो तिथं नेमकं काय करतो हे कळायला मला दोन वर्षं लागली. दोष माझा नाही. वडील बँकेच्या बदलीवर इथं आले, हा जयपुरातच जन्मला आणि हिंदीत शिकला. मराठीत काही समजावून सांगायला लागला की तीन वाक्यांत पाच वेळा ‘मतलब’ म्हणतो आणि मतलब तेवढा सांगायचा राहतो.

शेवटी मीच एकदा चिडून म्हटलं, माझ्या विमा ऑफिसचं उदाहरण घेऊन सांग. मग मात्र नीट सांगितलंन. काउंटरवरचा कारकून मिनिटाला एक माणूस मोकळा करतो समजा. मग हॉलमध्ये एका वेळी किती माणसं मावतील? ते कारकुनावर थोडंच आहे, ते माणसांवर आहे. बाकावर बसून दहा मिनिटं फॉर्म भरत बसणारी असतील तर हॉलमध्ये दहा जण असले तरी काउंटरवर रांग लागत नाही. फॉर्म घरून भरून आणणारी असतील तर तेवढ्याच दहा जणांची धक्काबुक्की होते. कंप्युटरचा सर्व्हर म्हणजे कारकून. सेकंदाला त्याला किती कामं झेपतात हे निहार मोजतो, माणूस एका पानावर किती वेळ थांबतो हे ठरवतो, दोहोंचा गुणाकार करतो आणि ‘एका वेळी इतकी माणसं’ म्हणून सही करून देतो. आयुष्यभर मी माणसं किती जगतील याच्या अंदाजावर पोट भरलं, त्यामुळे हा धंदा मला एकदम घरचा वाटला.

त्याची बायको वल्लरी बाडमेरला असते. राजस्थानभर शाळा असलेल्या एका खाजगी संस्थेत ती भौतिकशास्त्र शिकवते. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि दोघं एका छपराखाली राहिली ती सुट्ट्यांपुरती. जयपूरच्या शाळेत तिच्या विषयाची एकच जागा. ती कधी रिकामी झालीच तर वरून कुणाची तरी चिठ्ठी यायची आणि भरून जायची. हिच्यासाठी चिठ्ठी देणारं कोण होतं? माहेर इंदूरचं, सासर म्हणजे हा निहार आणि खाली राहणारा मी.

यंदा ती जागा रिकामी झाली. आणि संस्थेनं जाहीर केलं की आता चिठ्ठीचपाटी बंद, सगळ्या बदल्या ऑनलाइन होणार. एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी दहाला रिकाम्या जागांची यादी उघडेल आणि ज्याचा अर्ज आधी पोहोचेल त्याला ती जागा. वल्लरी फोनवर मला म्हणाली, काका, आता फक्त वेळेवर बसायचं आहे. इतक्या आनंदात मी तिला आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या संस्थेच्या सर्व्हरची तपासणी निहारच्याच कंपनीकडे आली. बदलीसाठी पात्र शिक्षक चार हजार, तेव्हा एका वेळी चार हजार माणसं पेलतील असा दाखला हवा, अशी संस्थेची अट होती. निहारनं मोजलं. सर्व्हर सेकंदाला ऐंशी कामं करत होता, त्याहून एक जास्त नाही. अशा अर्जांच्या जुन्या नोंदी काढून बघितल्या तर माणूस एका पानावर सरासरी दहा सेकंद थांबतो असं दिसत होतं. गुणाकार आठशे.

कंपनीचे मालक चंदनजी म्हणून आहेत. त्यांनी आकडा बघितला, चहा मागवला आणि सर्व्हर मोठा करायला संस्था तयार नाही एवढं सांगितलं. मग म्हणाले, “मास्टर लोग हैं निहारजी, सोच-समझ के भरेंगे. थोडा सोचने का टाइम बढ़ा दीजिए.” दहाच्या जागी पन्नास सेकंद धरले की आठशेचे चार हजार होत होते. सर्व्हरला हातही लावायचा नव्हता. माणसांनी फक्त जास्त विचार करायचा होता.

निहार हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. हा त्याचा स्वभावच आहे. मला त्याचा राग येतो तो नेमका इथं येतो. होळीला वल्लरी चार दिवस आली होती तेव्हा त्यानं तिला चाचणीसाठी केलेला तो अर्ज भरायला बसवलं आणि मोबाइलवर वेळ लावून शेजारी बसला. आता ही वल्लरी अर्ज कसा भरते ते सांगायला हवं. मधलं नाव ही आपल्या लोकांची खोड; इकडे नाव आणि आडनाव एवढ्यावर माणसाचं भागतं. हिच्या पदवीवर मधे वडिलांचं नाव, आधार कार्डावर मधे नवऱ्याचं आणि शाळेच्या दप्तरी मधे काहीच नाही. नाव जुळत नाही म्हणून एकदा तिचा बढतीचा अर्ज परत आला होता. तेव्हापासून ती प्रत्येक अर्जातली प्रत्येक सूचना दोनदा वाचते, दिलेली माहिती कागदाशी ताडून बघते आणि मगच पुढच्या पानावर जाते. चार पानांचा अर्ज होता. सरासरी बरोबर पन्नास सेकंद निघाली.

त्याच संध्याकाळी तो खाली येऊन मला सगळं सांगून गेला. मग म्हणाला, “मोजून काढलंय काका. मतलब, खोटं तर नाही ना?”

मी म्हटलं, एका माणसाची तब्येत बघून आम्ही गावाचे विमे उतरवले असते तर कंपनी पहिल्या वर्षी बुडाली असती. त्यानं मान डोलावली. दोन दिवसांनी दाखल्यावर सही केली.

एक गोष्ट तेव्हा त्यानं मला सांगितली नाही, ती पुढे सांगितली. बाडमेरला परत जाताना स्टेशनावर वल्लरीनं त्याला विचारलं होतं, चार हजार माणसं एकदम आली तर चालेल ना रे तुमचं ते? तो चालेल म्हणाला. मग मी सावकाश भरते, असं ती म्हणाली.

त्या शनिवारी निहार घरीच होता आणि मला वर बोलावलं होतं. पंखा जोरात फिरत होता तरी याच्या मानेवर घाम. वल्लरी फोनच्या स्पीकरवर. दहाला दोन मिनिटं कमी असतानाच तिनं सांगितलं की कागद टेबलावर मांडले आहेत, दार लावून घेतलं आहे. दहाला पान उघडलं. जयपूर, भौतिकशास्त्र, एक जागा, असं तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर नावाची चौकट आली आणि तिकडून कागद चाळल्याचा आवाज यायला लागला.

निहार म्हणाला, “वल्लरी, पुढे जा. काहीही लिही आणि पुढे जा.”

“थांब रे. मधल्या नावाबद्दल खाली काहीतरी सूचना आहे, ती वाचते.”

“नको वाचूस. लवकर कर.”

“एवढी घाई काय आहे? चार हजार चालतात म्हणालास ना?”

त्यानं उठून खिडकी लावून घेतली. बाहेर रिक्षावाले ओरडत होते. मग तिनं पुढचं बटण दाबलं असावं, कारण ती म्हणाली, पान पांढरं झालंय, थांबू का परत उघडू? त्यानं परत उघड म्हणून सांगितलं. परत पांढरं. हा आपला फोन हातात धरून भिंतीकडे बघत उभा. पन्नास मिनिटांनी पान आलं तेव्हा जयपूरच्या नावापुढे ‘जागा भरली’ असं लिहिलेलं होतं. वल्लरीनं तेही मोठ्यानं वाचलं. तिच्या आवाजात काही फरक नव्हता आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सोमवारी निहारनं नोंदी काढल्या. त्या दिवशी चार हजार आलेच नव्हते, अडीच हजार आले होते. पण कुणी क्षणभर थांबलं नव्हतं. पान उघडायला जरा उशीर झाला की लोक पुन्हा दाबत होते, पुन्हा पुन्हा दाबत होते. दोन मिनिटांत सर्व्हर बसला. वल्लरी पहिल्या शंभरात आत शिरली होती. जयपूरची जागा मिळाली त्या बाई तिच्या मागून आल्या होत्या, पण न वाचता भराभर पुढे गेल्या आणि सर्व्हर बसायच्या आत त्यांचा अर्ज पोहोचला.

वल्लरीनं संस्थेकडे तक्रार केली. मी निहारला समोर बसवून सांगितलं की आता तूही लिही. दाखला चुकीचा होता, खरा आकडा आठशे होता, एवढं लिहून दिलंस तर त्यांना यादी परत उघडावी लागेल. तो म्हणाला, सगळे म्हणतील बायकोसाठी लिहिलं. मी म्हटलं, म्हणू देत. तो म्हणाला, चंदनजींकडे अकरा माणसं आहेत, कंपनी बंद होईल. मी म्हटलं, होऊ दे. मग तो उठला आणि विचार करतो म्हणाला. मी समजलो. त्या दिवशी मी त्याच्याशी फार वाईट बोललो आणि त्याचा मला अजूनही पश्चात्ताप नाही. आठवडा गेला, पंधरा दिवस गेले, त्यानं काही लिहिलं नाही. रोज सकाळी नऊला स्कूटर काढून झालान्याला जात राहिला.

मेच्या सुट्टीत वल्लरी जयपूरला आली. जूनमध्ये शाळा उघडायला आठ दिवस उरले असताना संस्थेचं उत्तर आलं. तिनं मला वर बोलावलं. मी समोर असलो तर धीर येईल असं तिला वाटलं असावं. पत्र हिंदीत होतं. सदर प्रणाली एका वेळी चार हजार वापरकर्त्यांसाठी तपासून प्रमाणित केलेली आहे, त्या वेळी हजर वापरकर्ते त्याहून कमी होते, सबब अर्ज न पोहोचण्याचं कारण अर्जदाराच्या बाजूचं असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे. पुरावा म्हणून दाखल्याची प्रत जोडली होती. खाली निहारची सही.

वल्लरीनं दाखलाही वाचला, तिच्या पद्धतीनं, एकेक ओळ. निहार खुर्चीत बसून हातातली किल्ली फिरवत होता. एका ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, “माणूस पानावर पन्नास सेकंद थांबतो, हे कुठून आणलंस?”

“तुझे आहेत. होळीला मोजले होते.”

तिनं ती ओळ परत एकदा वाचली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. म्हणाली, “आणि बाकीच्यांचे? त्यांचे नाही मोजलेस?”

मला वाटलं होतं, आताही हा मतलब-मतलब करत वेळ काढेल. पण निहार त्या दिवशी पहिल्यांदा सरळ बोलला.

“मोजले होते. दहा होते.”

तिनं पत्र घडी करून पाकिटात घातलं, पाकीट पर्समध्ये ठेवलं. माझा चहा संपला होता, तो कप उचलून आत नेऊन विसळला. मग फोन घेऊन तिकीट बदलून घेतलं. शाळेला अजून आठ दिवस होते. ती दुसऱ्याच दिवशी बाडमेरला गेली.