तुळजाबाईंचे उघडे हात

लवळ्याच्या कॉलेजात प्राचार्य बदलले तर पोरांना पत्ता लागत नाही. पण कॅन्टीनच्या तव्यावर तुळजाबाई नसल्या, की पहिल्याच घासाला कळतं. तांदळाची उकड गरम असतानाच मळायची आणि पाण्याचा हात लावत भाकरी थापायची, हे वर्षानुवर्षं चाललेलं. तव्यासमोरची ती जागा बाई घरच्या देव्हाऱ्यापेक्षा जास्त जपत.

यंदा थंडी पडली आणि गरम पाणी, पीठ नि साबण यांनी मिळून बाईंच्या बोटांना भेगा पाडल्या. कॅन्टीनचा मॅनेजर अमोल रबरी मोजे घेऊन आला.

“मावशी, हे घाला. नाहीतर सोमवारपासून मोरीवरच्या कमळबरोबर भांडी घासा. असल्या हातांची भाकरी मी पोरांना देणार नाही.”

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच बाईंना जास्त राग आला.

“मोजे घालून पीठ कळतंय व्हय रं? तू घोंगडं पांघरून आंघोळ करतोस का?”

तरी एक भाकरी त्यांनी थापून दाखवली. ती मुळशी धरणाच्या नकाशासारखी झाली, आणि मोज्याचं एक बोट तुटून पिठातच राहिलं. बाईंनी ती अमोलच्याच ताटात वाढली.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाचीनं, गौतमीनं, मावशीला गुलाबाच्या वासाचं महागडं क्रीम दिलं. बाईंनी ते उकड मळायच्या जरा आधीच चोपडलं. दुपारी पोरं भाकरी हुंगून विचारू लागली, “मावशी, आज लग्न कुणाचं?”

अमोल काही बोलायच्या आत बाई उठल्या. “सोमवारपर्यंत तव्याला शिवत न्हाई. सोमवारी हात बघ, आन् मग मला हितनं उठवून दाखव.”

घोटावड्याच्या मेडिकलवाल्या वाल्मीकनं बिनवासाची बाटली पुढं ठेवली. “ग्लिसरीन. तुमच्या त्या क्रीमातबी हेच असतंय. कातडीत पाणी धरून ठेवतंय. निम्मं पाणी मिसळा आन् ओल्या हाताला लावून झोपा.”

औषधात पाणी घालणं म्हणजे दूधवाल्याचा धंदा, असं बाईंचं ठाम मत. त्यांनी नुसतंच थापलं. सकाळी गोधडी हाताबरोबर उठली. मग मुकाट्यानं पाणी मिसळू लागल्या. वाल्मीकला मात्र याचा पत्ता लागू दिला नाही.

सोमवारी बाईंनी हात धुतले आणि दोन्ही पंजे अमोलच्या नाकाखाली धरले. भेगा बुजल्या होत्या.

“बघ. हुंगूनबी घे.”

अमोलनं पाहिलं, हुंगलं आणि आणलेले नवे मोजे खिशात कोंबू लागला.

“खिशात कशाला? कमळला दे. तिचे हात दिवसभर साबणात असत्यात, ते तुला कधी दिसले न्हाईत. आन् बाटली मोरीजवळ ठिवलीय. ती सगळ्यांची हाय.”

अमोल मोजे देऊन आला. तोवर पहिली भाकरी टम्म फुगली होती. तो ताट घेऊन पुढं सरकला.

“रांगेत,” तुळजाबाई म्हणाल्या.