धाकट्याचे पाय

धाकट्या भावाचे पाय बघितले की थोरल्या रंगाऱ्याच्या पोटात दुखायचं. सख्ख्या भावाच्या पायांचा कुणी हेवा करतं का? हा करायचा, आणि लपवायचाही नाही. टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधून ठेवणारी दोरी, ज्याची सपाट फरशीवर चालता चालता तुटली आणि वर्ष उलटायच्या आत दुसऱ्या पायाचीही तुटली, त्याने दुसऱ्यांचे पाय बघत बसायचं नाही तर काय करायचं!

त्याची पंचवीस वर्षं सुताच्या लडी रंगवण्यात गेलेली. आता कारखान्यातल्या मोठ्या कढईपाशी धाकटा उभा राहायचा. ओल्या लडींचं ओझं खांद्यावर घेऊन तो गच्चीकडे दोन-दोन पायऱ्या चढायचा, वर शीळही घालायचा. खाली स्टुलावर पाय लांब करून बसलेला थोरला खेकसायचा, "हळू! जिना काय तुझ्या सासऱ्याने बांधलाय?"

"दादा, तू नुसता रंग बघ."

नुसता रंग बघ! एवढं बोलणं त्याला दिवसभर पुरायचं.

"वय झालं," म्हणणारे डॉक्टर झाले. "पडला असाल, आठवत नसेल," म्हणणारेही झाले. आपण पडलो की नाही हे माणसाला कळत नाही होय? शेवटी दुसऱ्या पायाची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवलं.

"कंडरा पांढरी असते. यांची आतून काळी निघाली."

"रंगारी आहेत ना ते," बायको चटकन म्हणाली.

त्या घरात प्रत्येक डागाला हेच उत्तर होतं. बनियनच्या काखा काळ्या? रंग. कानांच्या वरच्या कडा निळसर? रंगच. लहानपणी त्याची लंगोटी काळी पडायची, तेव्हा आईनेही आपल्या रंगलेल्या हातांनाच बोल लावला होता. तीही त्याच कारखान्यात कामाला होती.

"बाकी कामगारांचे कान असे आहेत?" बाईंनी विचारलं.

थोरल्याने दुसऱ्या दिवशी एकेकाचे कान बघितले. सगळे साफ. धाकट्याचे तर गुलाबी, नवरदेवासारखे! त्याला ते कान उपटावेसे वाटले.

मग बाईंनी नीट समजावलं. दोष जन्मापासूनचा. शरीरात एक आम्ल साठतं, कंडरांमध्ये मुरतं, त्या काळ्या पडतात आणि कमकुवत होतात. लघवी उघडी ठेवली तर काही तासांनी तीही काळी पडते. पक्का अहवाल आठवड्याने येईल. "भावालाही तपासून घ्या. काही त्रास नसला तरी दोष असू शकतो. आणि असलाच, तर ओझी उचलणं, उड्या मारणं आजपासून बंद."

थोरल्याला कुठला आठवडाभर धीर धरवतोय! नवा रंग काढला की त्याचा नमुना बाटलीत घालून खिडकीत ठेवायचा आणि उजेडात तो उतरतो की चढतो ते बघायचं, ही रंगाऱ्यांची रीत. त्याने सकाळी कारखान्याच्या खिडकीत उघड्या तोंडाच्या दोन बाटल्या ठेवल्या. उजवीत त्याची स्वतःची लघवी. डावी धाकट्याची, "आता हाही रंग तपासणार?" असं म्हणत त्याने हसत भरून दिली होती.

थोरला समोर बसून राहिला. होऊ दे काळी, तो मनात घोकत होता. एका आईची लेकरं, मग मी एकट्यानेच का भोगायचं? त्याला स्वतःची लाज वाटली, पण घोकणं काही थांबलं नाही.

दुपारी चारच्या सुमाराला दोन्ही बाटल्या काळ्या झाल्या होत्या.

पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, अगदी मनापासून बरं वाटलं. इतक्यात जिन्यात शीळ ऐकू आली. वाळलेल्या लडींचा भला मोठा गठ्ठा खांद्यावर घेऊन धाकटा धडाधड खाली येत होता. थोरला ओरडला,

"ठेव ते खाली! हळू ये!"

"झालं तुझं सुरू!" धाकटा हसला. शेवटच्या तीन पायऱ्या त्याने उडी मारूनच संपवल्या. "दादा, किती जळशील रे माझ्या पायांवर?"

थोरला कुबडीशिवायच उठला आणि खिडकीला धरून उभा राहिला. डावी बाटली त्याने भावापुढे केली.

"जळत नाही रे. ही तुझी आहे."