मंदाकिनीबाईंची मागची खोली

कोपरीतल्या मंदाकिनीबाई पुढच्या खोलीत शिवणकाम करतात, मागच्या खोलीत राहतात. खंडेनवमीला त्या सगळी मशिनं मागे नेतात, पुसून, तेल घालून पुजतात. नेमका त्याच दिवशी मालमत्ता कराचा निरीक्षक मोजमापाला आला.

बाई तोऱ्यात म्हणाल्या, "बघा साहेब, सगळं घर कारखानाच आहे माझा!"

त्याने तसंच नोंदवलं. दोन्ही खोल्यांना धंद्याचा दर लागला. एवढा कर भरायचा तर काम बंदच करावं लागणार होतं.

शेजारधर्म म्हणून मी म्हटलं, "बाई, तुमच्या जिभेला हाड नाही."

"माहितेय. टोमणे नंतर मारा."

त्या करकचेरीत गेल्या आणि कळेपर्यंत विचारत राहिल्या. जागेला वर्षभरात किती भाडं येईल, त्यावरून करपात्र मूल्य ठरतं. धंद्याच्या जागेचं भाडं घरापेक्षा जास्त धरतात. म्हणून कुठल्या खोलीचा वापर कशासाठी, हे महत्त्वाचं. त्यांनी लेखी हरकत घेतली, सुनावणीत आपली बढाई कबूल केली आणि फेरपाहणी मागितली.

निरीक्षक आला तेव्हा मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या.

"मावशी, मशिनं पूजेपुरती आत आणलेली, हे तेव्हाच सांगायचं ना!"

"तेव्हा मिरवायचं होतं हो."

मागची खोली पुन्हा घर ठरली. आता गल्लीतल्या दुकानदारांना नोटीस आली की ते आधी बाईंकडे येतात. बाई शिवता शिवता समजावतात, आणि समजल्याशिवाय कुणाला उठू देत नाहीत.